विनामूल्य, ख्रिस्ती आणि कधीही न ऐकलेले

क्लोव्हर हॉलो, पेनसिल्व्हेनिया
३ सप्टेंबर

प्रिय अ‍ॅमोस काका,

गेल्या आठवड्यातील चार संध्याकाळी मी गावच्या वाचनालयातील संगणकासमोर घालवल्या आणि चारही वेळा दात-ओठ खात घरी परतले. केझाया आता नऊ वर्षांची झाली. घरशाळेतील तिची तिसरी इयत्ता परवा सुरू झाली. "ख्रिस्ती कुटुंबांसाठी संपूर्ण विनामूल्य" अशी पाटी लावलेली निदान वीस ठिकाणे मी धुंडाळली. पहिल्याचा पहिला धडा विनामूल्य, दुसऱ्या धड्यापासून दाम. दुसऱ्याने माझे नाव विचारले, पत्ता विचारला, नवऱ्याचा, म्हणजे मर्लचा, व्यवसाय विचारला, आणि एवढ्या चौकशीनंतर रंगवायला जलप्रलयातील तारवाचे एक चित्र दिले. तिसऱ्याचा जगाचा इतिहास संस्थापकाच्या आजोबांपासून सुरू होतो आणि संस्थापकाच्या नातवापाशी संपतो.

आपल्या चर्चमंडळीच्या तळघरात पुस्तकांच्या देवाणघेवाणीचे कपाट आहे. पण त्याच्या किल्ल्या ज्या भगिनींकडे आहेत, त्या आधी विचारतात, "तू काय आणलंस?" मर्ल दुधाचा टँकर चालवतो. मी कपाटात दूध ओतू का?

तुमच्या ओहायोत कसे असते ठाऊक नाही. इथे जूनअखेर मूल्यमापक बाईंना मुलीचे वर्षाचे काम दाखवून त्यांची सही घ्यावी लागते. वाचनाची मला चिंता नाही. उन्हाळी मेळाव्यातील बायबलवचने वाचण्याच्या स्पर्धेत तुम्हीच तिला तीन वर्षे पहिल्या क्रमांकाची निळी फीत दिली आहे. गणित आणि विज्ञानाची मात्र मोठी अडचण आहे. तुमच्या लिलावात ज्या खोक्यांवर कोणी बोली लावत नाही, त्यांत आमच्यासारख्यांना चालेल असे काही निघते का?

तुमची चिडलेली पुतणी,
लोइस

•

वॉलनट रिज, ओहायो
१४ सप्टेंबर

पुतणी लोइस हिस, तिच्या संतापाच्या सन्मानार्थ उभ्याने लिहिलेले हे पत्र.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. प्रथम काका या नात्याने, नंतर लिलावदार या नात्याने. काका व्यथित झाला, लिलावदार खवळला. अठ्ठावीस वर्षे मी या पंचक्रोशीतील मृतांची कपाटे आणि निवृत्तांचे नांगर हातोड्याखाली आणत आलो आहे. फुटके भांडे फुटके म्हणूनच पुकारावे, हा आमच्या हीन गणल्या गेलेल्या व्यवसायाचा एकमेव धर्म. पहिला धडा फुकट देऊन दुसऱ्याला दाम मागणे म्हणजे गायीचे पुढचे दोन पाय दान करून मागचे विकणे होय. असे मी केले असते, तर या गावाने मला माझ्याच खुंटीला टांगले असते.

सोबत तीन खोकी रवाना केली आहेत. तपशील पुढीलप्रमाणे. गणिताची चार पुस्तके: त्यांतील सर्व उदाहरणे कोंबड्या, कुंपणे आणि गवताच्या गंज्या यांविषयी आहेत, अर्थात धर्मबाह्य असे त्यांत काहीही नाही. विज्ञानाचे एक पुस्तक: पूर्वीच्या कोणा धर्मपरायण मातेने त्यातील प्रत्येक डायनासोरवर कागद चिकटवला आहे, परंतु शेपट्या बाहेर राहिल्या आहेत, मुलीने विचारल्यास त्या अतिशय लांब सरड्यांच्या आहेत असे सांगावे. आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे कोण्या विसर्जित मिशनची सहा भागांची वाचनमाला. ती आद्यंत शास्त्रवचनांनी भरलेली असून मुखपृष्ठावर स्पष्ट छापले आहे की कोणीही तिच्या प्रती काढाव्यात, विकू मात्र नयेत. असे लोक पृथ्वीवर होते, लोइस. त्यांची संस्था बुडाली, हे ओघाने आलेच.

केझायाच्या वाचनाविषयी साक्ष देण्यास हा देह सदैव सिद्ध आहे. आपल्या मंडळीच्या रीतीप्रमाणे उघडे पवित्र शास्त्र दोन्ही हातांवर धरून ती पोर उभी राहते, तेव्हा परीक्षकाच्या आसनावर मी भक्तिभावाने डोळे मिटून घेतो.

क्रोधातही तुझाच,
अ‍ॅमोस रेप्लोगल

•

क्लोव्हर हॉलो
१० डिसेंबर

प्रिय काका,

उत्तराला उशीर झाला, क्षमा करा. आधी सफरचंदांचा मुरंबा, मग हरणांच्या शिकारीचा आठवडा. केझाया बापामागे सहा मैल बर्फातून चालली. मी वहीत "शारीरिक शिक्षण" अशी नोंद केली.

खोकी फार उपयोगी पडली. गणितात ती चपळ आहे. लांबलचक शाब्दिक उदाहरणे वाचायचा तिला कंटाळा येतो, म्हणून ती मीच वाचून दाखवते. उत्तर माझे वाक्य संपण्यापूर्वी येते. वचनांच्या वाचनमालेची तर तिने नऊ दिवसांत वासलात लावली. परवा ती सोफ्याच्या पाठीवरून उलटी लोंबकळत वाचत होती आणि पुस्तक सुलटे होते. मर्ल म्हणाला, "पोरगी खिडकीतल्या खारीकडे बघत वाचते, लोइस."

मी म्हटले, "तुझ्यासारखं बोट ठेवून वाचत नाही, एवढंच."

हल्ली तो अधूनमधून शाळेच्या बसचा विषय काढतो. ती आमच्या फाटकासमोरूनच जाते म्हणे. फाटकासमोरून पूरही जातो, म्हणून त्यात कोणी मूल बसवत नाही.

वाचनमालेसारखे आणखी काही मिळाले तर पाठवा. तिला तेच आवडते.

तुमची,
लोइस

•

वॉलनट रिज
५ जानेवारी

नऊ दिवसांत सहा भाग उदरस्थ करणाऱ्या विदुषीच्या मातेस,

नववर्षाच्या लिलावात, एका भातुकलीच्या कपाटाची बोली थंडावली असता, कोणी एक गृहस्थ मोठ्याने म्हणाला की घरी शिकणाऱ्या पोरांना धड आपले नावही वाचता येत नाही. मी हातोडा खाली ठेवला. दोनशे लोकांसमोर केझाया क्लॅपर या नावाचा, वयाचा आणि नऊ दिवसांच्या पराक्रमाचा सविस्तर उच्चार केला. गृहस्थ आरक्त झाला आणि लज्जेपोटी त्याने ते कपाट विकत घेतले. अज्ञानाला इतका उचित दंड मी पूर्वी पाहिलेला नाही.

मर्लला सांग, बसला चाके असतात, सद्सद्विवेक नसतो. सोबत आणखी दोन वाचनमाला पाठवत आहे. दोन्ही विनामूल्य, दोन्ही शास्त्रवचनांच्या, दोन्हींना तळघराचा वास आहे.

विजयोन्मत्त,
अ‍ॅमोस

•

क्लोव्हर हॉलो
१९ मार्च

काका,

काल मूल्यमापक मिसेस ब्रंबॉ वर्ष सरण्याआधी एकदा डोकावून जावे म्हणून आल्या. तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या, मऊ आवाजाच्या बाई. त्यांनी वही पाहिली, अक्षर पाहिले, "किती सुरेख" म्हणाल्या. मग खिडकीतले घेवड्याच्या बियांचे पाकीट उचलून केझायाच्या हातात दिले.

"मागं काय लिहिलंय, वाच बरं बाळ. माझा चष्मा गाडीत राहिला."

केझायाने पाकीट दोन्ही हातांवर धरले, हनुवटी वर केली आणि पेरणाऱ्याविषयीचे एक संपूर्ण वचन खणखणीत आवाजात म्हटले. एकही शब्द चुकला नाही. त्या पाकिटावर त्यातला एकही शब्द नव्हता.

बाई पाकिटावर वाकल्या. "फार छान. आता यातला एक शब्द मला दाखव. कुठलाही."

केझायाने घेवड्याच्या चित्रावर बोट ठेवले.

बाईंनी मला अंगणात नेऊन सांगितले की पोरीचे कान सोन्याचे आहेत, पण डोळ्यांची शाळा अजून उघडलेलीच नाही. चौदा जूनला त्या पुन्हा येतील. केझायाने कधीही न ऐकलेले एक पान वाचले तर सही. नाही वाचले, तर त्या सही करणार नाहीत. मर्ल म्हणाला, तसे झाले तर सप्टेंबरात बस.

मला त्या बाईंचा इतका राग आला की त्या गेल्यावर मी ते पाकीट चुलीत टाकले. मग मला तुमचा राग आला. तीन निळ्या फिती, काका. परीक्षक तुम्ही, पुस्तक तिच्या हातात उघडे, आणि तुम्ही डोळे मिटून. दोनशे लोकांसमोर माझ्या लेकीचे नाव घेताना तुम्हाला काय ठाऊक होते?

आणि आता जे लिहिते ते दुसऱ्या कोणाला सांगितलेले नाही. मला ऑक्टोबरपासून ठाऊक होते. डिसेंबरात तुम्हाला ते पत्र लिहिले तेव्हाही ठाऊक होते. वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची यादी वहीत ठेवावी लागते. माझ्या यादीत त्रेचाळीस नावे आहेत. सगळी मी वाचली, ती शेजारी बसून ऐकत होती. "वाचले" एवढेच मी लिहिले. कोणी, ते लिहिले नाही.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी म्हणून जे जे फुकट मिळते, ते सारे तिला पाळण्यापासून पाठ आहे. लेखनाची वही काढली तर वचन, वाचनाची उघडली तर वचन. पहिले दोन शब्द मी उच्चारते आणि गाडी उतारावरून आपोआप धावते. मला असे काही शोधून द्या जे विनामूल्य असेल, आमच्या घरात चालेल आणि माझ्या मुलीने जन्मात ऐकलेले नसेल. नाही मिळाले तर तसे कळवा. मग निदान बसची वेळ तरी विचारून ठेवते.

लोइस

•

वॉलनट रिज
२६ मार्च

लोइस,

तुझे पत्र वाचून प्रथम मी मिसेस ब्रंबॉ यांच्याविरुद्ध चार पृष्ठांचा निषेध लिहिला. बियांच्या पाकिटाद्वारे शिशुपरीक्षा, चष्म्याविषयी असत्य भाषण, अतिथिधर्माचा भंग, अशी कलमे घातली. पाचव्या पृष्ठाच्या आरंभी माझ्या ध्यानात आले की त्या बाईने उघडे डोळे ठेवून अर्ध्या मिनिटात जे पाहिले, ते मी मिटल्या डोळ्यांनी तीन उन्हाळे पाहिले नाही. निषेधपत्राने शेगडी पेटवली. ते उत्तम जळले. माझ्या गद्यात शुष्कता विपुल आहे.

तीन फिती दिल्याचा दोष माझा. भक्तिभाव आणि आळस यांची मुद्रा बाहेरून एकसारखीच दिसते, आणि मी त्याचा दीर्घकाळ लाभ घेतला. यादीविषयी तू लिहिलेस ते माझ्यापाशी राहील. ती दुरुस्त करणे मात्र तुझ्याकडे लागले.

त्यानंतर मी कोठारातील एकूणएक खोके उपसले. आपल्यासारख्यांना चालतील अशी पुस्तके दोन प्रकारची निघाली. एक, वचनांची. दुसरी, बोधकथांची: खोटे बोलणारा मुलगा पहिल्या ओळीत भेटतो आणि दुसऱ्या ओळीत त्याचा पाय मोडणार हे आंधळ्यालाही कळते. ज्या गोष्टीचा शेवट न वाचता ठाऊक असतो, ती वाचण्याचे कष्ट कोणते शहाणे मूल घेईल? केझाया मंद नाही. आपणच तिला वाचनाची गरज पडू दिली नाही. संतापाने माझे कान तापले आहेत, आणि ज्याच्यावर संतापावे तो गृहस्थ आरशाखेरीज कोठे आढळत नाही.

सबब ही जबाबदारी मी स्वतःकडे घेत आहे. आमच्या वाचनालयातील बाईंनी अक्षरध्वनींचा एक जुना तक्ता काढून दिला, तोही विनामूल्य. पहिले धडे तू त्यावरून घे. त्याच क्रमाने मी रोज एक कागद लिहीन. आधी तीन अक्षरांचे शब्द, पुढे वाढवीत जाईन. विषय: अ‍ॅमोस रेप्लोगल याचे आजवरचे हास्यास्पद आयुष्य. यात अश्लील काही नाही, उदात्त तर अजिबात नाही, आणि पुढे काय होणार हे घडताना मलाही ठाऊक नव्हते. पाकिटे केझायाच्या नावे बंद येतील. तू उघडायची नाहीस. वाचून दाखवायची तर मुळीच नाहीस. शब्द अडला तर ध्वनी सांग, गोष्ट सांगू नकोस.

काका

•

क्लोव्हर हॉलो
२ मे

प्रिय काका,

एकोणतीस कागद आले. पहिल्या आठवड्यात तिने प्रत्येक कागद हातांवर धरला, वर पाहिले आणि काही सुरू होईना म्हणून माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरणार नाही. मग ती रडली. मग रागावली. "तू वाच ना, आई. तुला येतं," असे अकरा दिवस चालले. मी नाही म्हटले, तेव्हा तिने मातेच्या ममतेविषयीचे वचन मला म्हणून दाखवले. काका, मी भांडारघरात जाऊन दार लावून घेतले आणि पिठाच्या पिंपावर बसून राहिले.

बारावा कागद तिने कोंबड्यांच्या कुंपणात फेकला आणि तिची लाडकी कोंबडी जेरुशा त्यावर बसली. मर्ल दूध पोचवून आला, त्याने कोंबडीखालून कागद काढला, पुसला, आणि पायरीवर बसून बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागला. केझाया त्याच्या बोटाकडे पाहत राहिली. तुमची टोपी बैलाने खाल्ली या ओळीपाशी तो थांबला आणि म्हणाला, "पुढचं नाही सांगणार. बैलाचं काय झालं ते तूच बघ." ती ओळ वाचायला तिला चाळीस मिनिटे लागली. मी स्वयंपाकघरातून घड्याळ पाहत होते. मर्लला मी डिसेंबरात जे बोलले होते, त्याबद्दल त्या दिवशी माफी मागितली. आणि वहीतील त्रेचाळीस नावांपुढे लिहिले: "आईने वाचले."

आता ती रोज चार ओळी वाचते, कधी पाच. चौदा जूनला सहा आठवडे उरले आहेत.

रविवारी किल्ल्यांच्या भगिनींनी तुमचे कागद पाहिले. एकीने तीन कागद चाळून विचारले, "यात वचन कुठे आहे, लोइस? ख्रिस्ती कुटुंबाला हे शोभतं का?" तीन वर्षे माझी पोर अक्षर न ओळखता त्यांच्यासमोर उभी राहिली, तेव्हा त्यांना सारे शोभत होते. मी असे म्हणाले नाही. कागद गोळा केले आणि म्हणाले की कपाटासाठी आणले होते, पण आता मत बदलले.

तुमची,
लोइस

•

वॉलनट रिज
९ मे

पूज्य भगिनीमंडळासमोर मौन राखणाऱ्या पुतणीस,

तुझ्या संयमाने मी दिपून गेलो. माझ्यात तो नाही. त्या भगिनींना माझ्या वतीने सांग की जिला वाचता येत नाही, तिच्यासाठी पवित्र शास्त्र म्हणजे बसायला सुबक बांधणीचा पाट आहे. पोरीला एक दिवस ते स्वतःच्या डोळ्यांनी उघडता यावे म्हणून माझी टोपी बैलाच्या मुखी पडली. यापरते धर्मकार्य या देहाकडून घडलेले नाही, आणि टोपी नवी होती.

मर्लला माझा आदरपूर्वक नमस्कार कळव. बोट ठेवून वाचणाऱ्या माणसाविषयी माझे मत कायमचे बदलले आहे.

एक अडचण तेवढी निवेदन करतो. माझे हास्यास्पद आयुष्य संपत आले. बहुतेक प्रसंग कागदांत खर्ची पडले. तेव्हा यापुढे मी केझायाच्या परिचयातील प्राणिमात्रांविषयी धादांत असत्य लिहिणार आहे. चर्चमंडळीतील एक वडीलधारा या नात्याने हे मला शोभत नाही. त्याबद्दल वरच्या न्यायालयात जे भोगायचे ते मी भोगीन. तू मध्ये पडू नकोस.

निर्लज्ज,
अ‍ॅमोस

•

क्लोव्हर हॉलो
१५ जून

प्रिय काका,

मिसेस ब्रंबॉ काल सकाळी दहाला आल्या. मी पहाटेपासून स्ट्रॉबेऱ्या निवडत होते, कारण हातांना दुसरे काही सुचत नव्हते. टपाल नऊलाच येऊन गेले होते. बाई फाटकातून आत आल्या तेव्हा केझाया पायरीवर तुमचा कागद घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा बीटासारखा झाला होता. बाईंनी पिशवीतून आपले पान काढायला घेतले. केझायाने त्यांना थांबवले.

"आधी हे ऐका," ती म्हणाली. "माझे आजोबा लबाड आहेत. पुरावा आहे."

आणि तिने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. प्रत्येक शब्दाखाली बोट होते. "बदक" पाशी अडखळली, मागे गेली, पुन्हा आली. एका शब्दाला चार प्रयत्न लागले. मी तोंडात आलेला ध्वनी गिळला. प्रत्येक वाक्यानंतर ती मान वर करून बाईंना विचारत होती, "हे बरोबर आहे का, सांगा." बाईंनी आपले पान परत पिशवीत ठेवले. मग त्यांनी चष्मा काढला, आणि या वेळी तो खरोखरच पुसावा लागला.

सही झाली. वही तपासताना त्या यादीपाशी थांबल्या, "आईने वाचले" हे वाचले आणि शेवटी आपल्या हाताने एक ओळ जोडली: "पासष्ट पत्रे. केझायाने वाचली." मर्लने बसचा विषय काढला नाही, तो जेरुशाला दाणे घालायला गेला.

सोबत केझायाचे पत्र आहे. मी त्यातला एकही शब्द सांगितलेला नाही, आणि तिने मला ते वाचूही दिलेले नाही.

तुमची,
लोइस

•

अ‍ॅमोस आजोबा,

तुम्ही लिहिलं की जेरुशा जत्रेत बदकाकडून हरली. तुम्ही लिहिलं की ती रडली आणि पिशवी घेऊन ओहायोला आली. तुम्ही लिहिलं की ती आता तुमच्या पलंगावर झोपते आणि माझं नाव विसरली.

हे सगळं खोटं आहे. मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा खोटंच होतं. जेरुशा इथेच आहे. मी आत्ता जाऊन बघून आले. ती जत्रेला कधी गेलीच नाही. ती बदकाला घाबरत नाही.

असं लिहून दुसऱ्या कुणाला पाठवलं असेल तर परत मागवा. नवीन कागदावर खरं लिहा आणि लगेच पाठवा. पाकिटावर माझं नाव घाला. आईला वाचता येतं, पण हे आपल्या दोघांतलं आहे.

केझाया क्लॅपर